डावा स्पीकर

८ नोव्हेंबर, वडसा

मशीन आलं. लेकीने, स्वातीने, नागपूरहून ट्रॅव्हल्सने पाठवलं. जुनंच आहे, पण चालू आहे असं विकणाऱ्याने तिला सांगितलं म्हणे. टर्नटेबल, एक ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर. स्टँडवर ड्रायव्हरने खोकं कांद्याच्या पोत्यासारखं खाली टाकलं. मी त्याला दोन शब्द सुनावले आणि ऑटोत खोकं मांडीवर घेऊन घरी आलो.

हे सगळं बायकोसाठी, आशासाठी. बारा जुलैला तिला लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हात थोडा परत आला आहे, वाचा नाही. तिला सगळं कळतं, डोळ्यांनी ती पूर्वीसारखीच रागावते, पण तोंडातून एक अक्षर निघत नाही. नागपूरच्या वाचा-उपचारवाल्या मॅडम म्हणाल्या, "बोलणं जातं तिथे कधीकधी गाणं शिल्लक राहतं. यांची जुनी गाणी यांना ऐकवा." मग बाहेर येऊन हळूच हेही म्हणाल्या की जे यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. बारा जानेवारीला सहा महिने होतात. ही तारीख मी आशाला सांगितलेली नाही.

जुनी गाणी कुठली, हा प्रश्नच नव्हता. आमच्या नाटक कंपनीची एकच रेकॉर्ड निघाली, १९८४ साली. तीन गाणी आणि एक प्रवेश. नायिका आशा, पेटीवर मी. चाळीस वर्षं ती ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती.

९ नोव्हेंबर

लावली. मागे सारखं घूं चाललेलं, आणि त्यातून आशाचा आवाज आला तो सर्दी झालेल्या बाईसारखा, जाड, ओढलेला. आशा बाजेवर बसून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला तिने तोंड भिंतीकडे केलं. मलाच लाज वाटली. मी म्हणालो, "थांब वं, हे दुरुस्त होते." तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

१० नोव्हेंबर

मी मेकॅनिक नाही, पण पन्नास वर्षं पेटी वाजवली आहे. सूर उतरलेला मला कळतो. पेटी काढून ताळा केला. हे गाणं मी स्वतः काळी चारमध्ये बसवलं होतं. रेकॉर्डवर ते पांढरी पाचात येतं. म्हणजे अर्धा सूर खाली, म्हणजे तबकडी हळू फिरते आहे. एवढं शोधून काढल्याचा मला दिवसभर गर्व होता. शेवटी आशाने डाव्या हाताने "पुरे" अशी खूण केली.

१३ नोव्हेंबर

बिरजू आला. वडशातल्या निम्म्या नाटक कंपन्यांचे माईक, भोंगे आणि ॲम्प्लिफायर हाच माणूस सांभाळतो. सीझन सुरू झाला आहे, त्याला श्वास घ्यायला वेळ नाही, तरी आला. आत आल्या आल्या आशाच्या पाया पडला, मग मशीनच्या मागे डोकं घातलं.

"भाऊ, हे घूं काऊन येते माहीत हाय का? अर्थिंगची वायरच नाई जोडली तुमी."

"मले वाटलं, उरलेली हाय ते."

"उरलेली वायर कोनी फुकट देते का, भाऊ?"

पट्टा सैल होता, तो त्याने बदलला. सुई झिजली होती, तीही. मी रेकॉर्ड उडू नये म्हणून सुईच्या दांड्यावर एक रुपयाचं नाणं चिकटवलं होतं. ते पाहून त्याने नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. राहिली ती खालून येणारी घरघर. ती राईस मिलची. मिल चालू झाली की आमच्या घराची जमीन थरथरते, आणि सुई तीही वाचते. बिरजूने कडप्प्याचा तुकडा आणून त्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवले आणि वर मशीन ठेवलं. घरघर गेली.

आशाचा आवाज काळी चारात आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही आलं असावं, तिने तोंडावर पदर घेतला होता.

१६ नोव्हेंबर

बाकीचा कचरा गेला म्हणून आता एक नवीन गोष्ट ऐकू येते. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला जो प्रवेश आहे, त्यात आशाच्या प्रत्येक वाक्याच्या जरा आधी कोणीतरी तेच वाक्य हळू म्हणतं. अगदी कुजबुज. ती "थांबा" म्हणायच्या आधी "थांबा" येतं. पहिल्यांदा वाटलं, माझे कान. कानांना बहात्तर वर्षं झाली. दोनदा लावून पाहिलं. आहे.

आशा मात्र आज ओठ हलवत होती. आवाज नाही, नुसते ओठ.

१७ नोव्हेंबर

बिरजूला फोन केला. तो कुरखेड्याकडे मंडप बांधत होता. म्हणाला, "होते कधीकधी, भाऊ. रेकॉर्डवर एका रेघेचा आवाज बाजूच्या रेघेत उतरते. एक फेरा आधी बारीक ऐकू येते. छापतानाच राह्यलेली चूक हाय ते, आपल्या हातात नाई."

दुपारपर्यंत मी समाधानात होतो. मग वाटलं, आशाचा आवाज उतरला असेल तर तो आशाचाच ऐकू यायला हवा. हा पुरुषाचा आहे.

दसरूचा आहे. लिहून टाकतो, म्हणजे झालं.

दसरू आमचा प्रॉम्प्टर. इकडे झाडीपट्टीत रोज नवं गाव, नट निम्मे बाहेरचे, तालीम एखादी झाली तर झाली. नाटक चालतं ते प्रॉम्प्टरच्या जिभेवर. आमच्या कंपनीत तो स्टेजपुढे, माझ्या डाव्या हाताला बसायचा. मांडीवर नाटकाची वही, आणि वाक्य असं सोडायचा की पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळू नये. त्याच्याशिवाय आशा तोंड उघडत नसे, म्हणून रेकॉर्डिंगलाही त्याला नागपूरला नेलं होतं. तिथेही तो माझ्या डावीकडेच बसला. त्याचा आवाज माईकने पकडला, यात भुताटकी काही नाही.

८९ साली तो कंपनीतून गेला. दोन वर्षांनी तापाने वारला. पीत होता, असं लोक म्हणत. त्याच सुमारास आशानेही काम सोडलं, स्वाती लहान होती म्हणून.

२० नोव्हेंबर

आशा बोलली!

प्रवेश चालू होता. नायिका नवऱ्याला अडवते ते ठिकाण. आशाने मान वर केली आणि म्हणाली, "थांबा." स्पष्ट. जुलैनंतरचा पहिला शब्द. मी हातातला चहा सांडला आणि खरंच थांबलो, जागच्या जागी, मूर्खासारखा. मग स्वातीला फोन केला. ती तिकडे रडली, मी इकडे. हे सगळं कडप्प्याचं काम आहे. आवाज स्वच्छ झाला की ऐकणाऱ्याचंही काहीतरी मोकळं होतं.

२२ नोव्हेंबर

मग आणखी स्वच्छ का करू नये? ती कुजबुज मधे मधे येते, आशाचं लक्ष तिकडे जातं. ती स्पीकरकडे पाहते, तेही डाव्याच. आज बिरजू आला होता. त्याने एकेक स्पीकर बंद करून दाखवला: कुजबुज फक्त डावीकडून येते. मी म्हणालो, डाव्याची वायर काढून टाक.

तो म्हणाला, "बाई बोलून राह्यल्या न भाऊ. मंग काऊन हात लावता?"

"मले तिचा आवाज ऐकाचा हाय. दुसऱ्या कोनाचा नाई."

त्याने वायर काढली. आता उजवीकडून एकटी आशा. काचेसारखा आवाज, मधे कोणी नाही.

२७ नोव्हेंबर

पाच दिवस. एक शब्द नाही. ओठही हलत नाहीत. आज रेकॉर्ड चालू असताना ती बाजेवरून उठली, काठी टेकत डाव्या स्पीकरपाशी गेली आणि त्याच्या जाळीवर तळहात ठेवून उभी राहिली. अख्खी बाजू संपेपर्यंत.

मी स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरली.

२८ नोव्हेंबर

इथे खोटं लिहून उपयोग नाही. मला राग आला आहे. पंचेचाळीस वर्षं संसार केला, पाच महिने हिला भरवतो, न्हाऊ घालतो, केस विंचरतो. आणि हिला बोलतं करायला तो लागतो? स्टेजवरही असंच होतं. गाणं सुरू करायच्या आधी नटीने पेटीवाल्याकडे बघायचं असतं. आशा माझ्याकडे बघायची आणि मग तिची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून पुढे जायची. दर वाक्याला. दहा हजार लोकांसमोर.

बारा जानेवारीला दीड महिना उरला आहे.

२९ नोव्हेंबर

वायर मीच जोडली. 

आशाने अख्खा प्रवेश म्हटला. नऊ वाक्यं. प्रत्येक वाक्याआधी ती कुजबुज, मग आशा, आणि मग रेकॉर्डवरची आशा तिच्या पाठोपाठ. एक तरुण, एक म्हातारी. मी दाराला टेकून ऐकलं आणि रडलो. आनंदाने, आणि दुसऱ्याही कशाने तरी.

३ डिसेंबर

काय झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी साडेतीन. रेकॉर्ड संपली होती, सुई उचलून मी जागेवर ठेवली होती, तबकडी थांबली होती. मी चष्मा पुसत होतो. डाव्या स्पीकरमधून आलं, "पाणी." हळू. मग आशा म्हणाली, "पाणी."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली. मग मी पाहिलं, ॲम्प्लिफायरचा दिवा बंद होता.

४ डिसेंबर

बिरजूला बोलावलं. म्हणालो, मशीन कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडतंय. त्याने सगळं उलटंपालटं केलं, अर्थिंग पुन्हा तपासली. मग बोर्डाकडे पाहिलं.

"भाऊ, प्लग तं काढूनच हाय."

तेवढ्यात डावीकडून आलं, "बिरजू जाड झाला." आणि आशा हसून म्हणाली, "बिरजू जाड झाला."

बिरजू हसला नाही. त्याने पेचकस पिशवीत टाकला, स्पीकरकडे पाठ न करता दारापर्यंत गेला, आणि चहा तसाच ठेवून निघून गेला. गाडी सुरू केल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

६ डिसेंबर

आशा बोलते. हे आधी लिहायला हवं, कारण महत्त्वाचं तेच आहे. "चहात साखर नाई." "त्या खिडकीचा पडदा वढा." फोनवर स्वातीशी आज पंधरा मिनिटं बोलली; स्वाती म्हणाली, "बाबा, आई अगदी पूर्वीसारखी बोलून राह्यली!" नागपूरच्या मॅडमनीही फोनवर शाबासकी दिली.

प्रत्येक वाक्याआधी तो असतो. मी पेटीचा भाता एका लयीत ओढून अंतर मोजलं. तबकडीच्या एका फेऱ्याएवढं, दर वेळी नेमकं तेवढंच. फोनवर स्वातीला ते ऐकू येत नाही. मी विचारलं, "मागे कोणी बोलतं का?" ती म्हणाली, "कोण बोलणार, बाबा? तुम्ही दोघंच तर आहात."

मी तिला हो म्हणालो.

७ डिसेंबर

सकाळी वायर पुन्हा काढली. पाहायला. आशा वाक्याच्या मधेच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी दोन मिनिटंही सहन करू शकलो नाही, जोडून टाकली. तिचा शब्द कोणाच्या का जिभेवरून येईना, येतो आहे. एवढ्यावर मी समाधान मानायचं ठरवलं आहे.

९ डिसेंबर

आता नवीनच. स्वातीशी बोलते, दूधवाल्याशी बोलते. माझ्याशी नाही. कालपासून एक शब्द नाही. मी समोर बसलो की डावा स्पीकरही गप्प होतो.

ती नुसती माझ्याकडे बघते, आणि ही नजर मी ओळखतो. स्टेजवर समोरचा नट वाक्य विसरला की आशा अशी बघायची. रागाने नाही, घाईनेही नाही. त्याला आठवेपर्यंत जागा धरून. लोकांना वाटायचं, नाटकातच तसं आहे. तिने स्वतः पुढचं वाक्य कधीच घेतलं नाही. म्हणायची, "त्याचं वाक्य हाय, मी कशी घेऊ?"

म्हणजे आता वाक्य माझं आहे. कुठलं ते मला कळत नाही.

त्याच रात्री

वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. कळतं.

१० डिसेंबर

इथे तरी लिहितो. तोंडाने उद्या बघू.

दसरू पीत नव्हता. कंपनीच्या मालकाला, तो पितो असं मी सांगितलं. मार्च ८९, सीझनचे शेवटचे खेळ. मी म्हणालो, हा पिऊन बसतो, वाक्यं उशिरा देतो, एक दिवस नाटक पाडेल. मालकाने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी त्याच्या शेजारी बसायचो. वास मला येणार नाही तर कोणाला? दोन दिवसांत त्याची वही काढून घेतली. आपसात बोललो तेवढं पुरलं, कोणाला शहानिशा करावीशी वाटली नाही.

पुढच्या सीझनला नवा प्रॉम्प्टर आला. सिंदेवाहीला तिसऱ्या अंकात आशा थांबली. तो ओरडून वाक्य देत होता, लोकांनाही ऐकू जात होतं, तिलाच येत नव्हतं. पडदा टाकावा लागला. त्यानंतर ती स्टेजवर उभी राहिली नाही. स्वाती तेव्हा आठ वर्षांची होती, आजीकडे मजेत राहायची. स्वातीसाठी काम सोडलं, हे मीच सगळ्यांना सांगितलं. आशाने कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही.

आणि एक राहिलं. ते इथेही लिहिता येत नाही.

११ डिसेंबर

दुपारी बारा वाजता जेवणं झाली. मिल बंद होती. आशा बाजेवर, मी तिच्यासमोर खाली चटईवर. म्हणालो, "आशा, मले बोलाचं हाय." ती बघत राहिली.

मालकाला काय सांगितलं ते सांगितलं. सिंदेवाहीचं सांगितलं. तिचा चेहरा हलला नाही. मग माझी जीभ थांबली. पुढचं वाक्य सुचेना. स्टेजवर नट असे थिजलेले मी शेकडो वेळा पाहिले आहेत आणि पेटीवर हात ठेवून मनात हसलो आहे.

माझ्या डाव्या कानाशी आलं. स्पीकर समोरच्या भिंतीला होता. तिकडून नाही आलं. जिथे तो बसायचा तिथून आलं, वीतभर अंतरावरून, हळू आणि नीट, नवख्याला देतात तसं.

"आशा घरातच होती."

मी म्हणालो, "आशा घरातच होती."

मग पुढचं मला कोणी द्यावं लागलं नाही. वही काढून घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आमच्या दारात आला होता. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. आत येऊ का म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, बाईंनं मले पिताना पाह्यलं का कधी? त्याहीले एक डाव इचारा. त्या नाई म्हनल्या तं मालक मानन." मी दारात आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, आशा घरी नाही, मायकडे गेली. आशा आत तांदूळ निवडत होती. सूप थांबल्याचं मला ऐकू आलं होतं. दसरूलाही आलं असणार. तो थोडा वेळ उभा राहिला, मग गेला. आशाने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि मी तिने ऐकलं नाही असं पस्तीस वर्षं धरून चाललो.

हे सगळं मी तिला म्हटलं. तिचे पाय धरले. "माह्यं चुकलं," म्हणालो. शोभतं की नाही याचा विचार केला नाही.

मी कान देऊन होतो. डावीकडून काही आलं नाही. स्पीकरमधून नाही, कानाशी नाही. पूर्ण एक फेरा गेला, दुसरा गेला. मला वाटलं, संपलं, आता ही कधीच बोलणार नाही, आणि ते बरोबरच होईल.

मग आशा बोलली. शब्द अडखळत, तुटत आले, पहिल्यांदा बोलायला लागलेल्या लेकरासारखे. तिच्या आधी कोणीही ते म्हटलं नव्हतं.

"मंग... बोलवा न त्याले आत. कवाचा... उन्हात उभा हाय."

मी उठलो, कडी काढली, दार उघडलं. बाहेर ऊन होतं आणि रस्ता रिकामा होता. मी म्हणालो, "ये, दसरू," आणि वाट द्यायला बाजूला सरकलो.